विमा खाटेपाशी, खर्च औषधखिडकीपाशी
अतिभक्षणाच्या विकारावरील औषधोपचार, त्याचा खर्च आणि विम्याचे संरक्षण : एक अभ्यास

दरवर्षीच्या अहवालात आम्ही खाटांची संख्या, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया, प्रसूती आणि तपासण्या यांचे तक्ते देतो. रुग्णालयाचे काम त्यांवरून मोजले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि काही रुग्ण असे असतात की, ते आमच्या खाटेवर एकही रात्र काढत नाहीत. महिन्याकाठी चिठ्ठी घेऊन औषधखिडकीपाशी उभे राहतात, किंमत विचारतात आणि कधी कधी तीस गोळ्यांऐवजी पंधराच मागतात. तक्त्यात ते 'बाह्यरुग्ण' या एका आकड्यात मिसळून जातात. या वर्षीच्या अभ्यासलेखासाठी आम्ही अशाच एका आजाराचा विषय निवडला आहे.

आम्ही प्रशासन कार्यालयातील माणसे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आमची भाषा जमाखर्चाची. आजाराचे निदान आणि औषधाची निवड हा सर्वस्वी डॉक्टरांचा अधिकार आहे व त्यात आम्ही पडत नाही. परंतु डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी शेवटी आमच्याच खिडकीवर येते आणि "हे विम्यात बसते का?" हा प्रश्नही आम्हांलाच विचारला जातो. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता यावे, हा या लेखाचा हेतू आहे.

आजार कोणता?

आपल्याकडे एखाद्याची भूक आवरेनाशी झाली की 'भस्म्या झाला', 'खा-खा सुटली' असे म्हणून लोक हसतात. ज्याच्या घरी हे घडते, त्याला मात्र हसू येत नाही. वैद्यकशास्त्रात 'बिंज इटिंग डिसऑर्डर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकाराला आम्ही येथे 'अतिभक्षणाचा विकार' म्हणू. सणासुदीला पुरणपोळ्या जास्त झाल्या, तर तो हा आजार नव्हे. या विकारात रुग्ण थोड्या वेळात, साधारणतः दोन तासांच्या आत, इतर कोणीही खाईल त्यापेक्षा पुष्कळ अधिक खातो आणि 'आता हात थांबवणे माझ्या स्वाधीन नाही' अशी त्याची भावना असते. भूक नसताना खाणे, भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, लाजेने एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःचीच किळस येणे, ही त्याची लक्षणे होत. असे प्रसंग आठवड्यातून निदान एकदा, याप्रमाणे तीन महिने घडत असतील, तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात. खाल्लेले मुद्दाम उलटी करून काढण्याचा प्रकार यात नियमितपणे आढळत नाही. तो 'बुलिमिया' हा वेगळा आजार आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी अशा खाण्याचे वर्णन १९५९ साली केले होते. तरीही अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान २०१३ साली मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र क्रमांक नव्हता. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत तो '६ बी ८२' या क्रमांकाने आला. हा तपशील वाचकांना कोरडा वाटेल. परंतु विम्याच्या कागदावर ज्या आजाराला नाव आणि क्रमांक नाही, त्याला पैसेही नाहीत. पुढे जे घडते त्याचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे.

औषधे आणि त्यांची मर्यादा

या विकारावर पहिला उपचार समुपदेशनाचा, विशेषतः विचार व वर्तन यांना वळण लावणाऱ्या मानसोपचाराचा मानला जातो. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शिकेत, केवळ औषध हाच एकमेव उपचार म्हणून देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. औषधांपैकी फ्लुओक्सेटीनसारखी नैराश्यावरील औषधे आणि टोपिरामेट हे मुळात फेफऱ्यावरील औषध, ही तज्ज्ञ डॉक्टर रुग्ण पाहून वापरतात. दोन्ही चिठ्ठीशिवाय घेण्याची औषधे नव्हेत. टोपिरामेट गर्भावस्थेत बाळास अपायकारक ठरू शकते. कोणतेही औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

आणखी एक खुलासा येथेच करावासा वाटतो. २०२५ सालापासून वजन कमी करणारी नवी इंजेक्शने आपल्या देशात आली आणि 'खा-खा बंद करणारे इंजेक्शन' म्हणून त्यांची चौकशी आमच्या खिडकीवरही होते. ती इंजेक्शने मधुमेह आणि स्थूलता यांसाठी मान्य झालेली आहेत, अतिभक्षणाच्या विकारासाठी नव्हेत. वजन हा या विकाराचा एक परिणाम असू शकतो. पण वजन म्हणजे हा विकार नव्हे. सडपातळ माणसालाही तो होऊ शकतो.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २०१८ साली अमलात आला. त्याच्या कलम २१ च्या पोटकलम ४ मध्ये असे सांगितले आहे की, शारीरिक आजाराच्या उपचारासाठी ज्या आधारावर वैद्यकीय विमा उपलब्ध असतो, त्याच आधारावर प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारासाठीही तरतूद केली पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी कंपन्यांना त्याप्रमाणे वागण्याचे निर्देश दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये अपवादांच्या कलमांचे प्रमाणीकरण झाले, तेव्हा मानसिक आजार सरसकट वगळण्याची वाट बंद झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये एका रुग्णाच्या बाजूने निर्णय देताना हे कलम कंपन्यांवर बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये, मानसिक आजाराचे संरक्षण देणाऱ्या योजना ३१ ऑक्टोबरपूर्वी उपलब्ध कराव्यात, असे प्राधिकरणाने पुन्हा बजावले.

इतके वाचल्यावर कोणीही म्हणेल की, प्रश्न सुटला. आम्हांलाही आरंभी तसेच वाटले होते.

मग पैसे का मिळत नाहीत?

उत्तर कायद्याच्या 'त्याच आधारावर' या दोन शब्दांत आहे. आपल्याकडील प्रचलित आरोग्य विमा हा रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. सलग चोवीस तास दाखल राहणे, ही त्याची मूळ अट. डे-केअर शस्त्रक्रियांसारखे मोजके अपवाद सोडले, तर बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, समुपदेशन आणि औषधे त्यात येत नाहीत. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या ज्या विम्यात बसत नाहीत, त्यात मनाच्या आजाराच्या गोळ्याही बसत नाहीत. कंपनी म्हणते, 'आम्ही दोघांना समान वागवतो', आणि कागदावर ते खरेही असते.

परंतु नियम समान असला तरी परिणाम समान होत नाही. हर्निया किंवा मोतीबिंदूवरील मुख्य खर्च शस्त्रक्रियेच्या वेळी होतो, म्हणून विमा तेथे उपयोगी पडतो. अतिभक्षणाच्या विकारात बहुसंख्य रुग्णांना दाखल करण्याची गरजच नसते. त्यांचा सारा उपचार महिनोन्‌महिने बाह्यरुग्ण विभागात चालतो. म्हणजे ज्या ठिकाणी खर्च होतो, त्या ठिकाणी विमा नाही आणि ज्या ठिकाणी विमा आहे, त्या ठिकाणी रुग्णाला जाण्याची गरज नाही.

शासकीय योजनांचीही मोजपट्टी हीच आहे. आयुष्मान भारत योजना आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांतून कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. पण तेही दाखल रुग्णांसाठी. आयुष्मान भारतमध्ये सुटीनंतरची १५ दिवसांची औषधे अंतर्भूत असतात, मात्र त्याआधी दाखल होणे आलेच. इतकेच काय, मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांसाठी जी योजना झाली, तिच्यातही निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवण्याचे बंधन आहे. म्हणजे आम्हीसुद्धा आमचा धर्मादाय खाटांवरच मोजत आलो आहोत.

याखेरीज दोन अपवाद या रुग्णांना विशेष नडतात. पहिला, स्थूलतेवरील उपचारांचा. प्रमाणित कलमानुसार वजन घटवण्याची शस्त्रक्रिया काही अटींवरच मान्य होते : वय १८ वर्षे वा अधिक, शरीरभार निर्देशांक ४० वा अधिक, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ वा अधिक. दुसरा अपवाद, केवळ तपासणी व निदानासाठी दाखल होण्याचा. कागदावर 'वजनवाढ, तपासणीसाठी दाखल' असे लिहिले गेले की, एकाच वाक्याने हे दोन्ही अपवाद लागू होण्याची वेळ येते.

आमच्या दप्तरातील दोन प्रकरणे

पहिले प्रकरण एका शिक्षिकेचे. तीव्र नैराश्य आणि अतिभक्षणाचा विकार यांमुळे त्यांना आमच्याकडे चार दिवस दाखल करावे लागले होते. दावा नामंजूर होऊन परत आला. कारण दिले होते, 'स्थूलतेवरील उपचार, अपवादात समाविष्ट'. आम्ही संतापून कंपनीला पत्र लिहिण्याच्या तयारीत होतो. तत्पूर्वी केसपेपर काढून पाहिला, तेव्हा चूक आमचीच निघाली. मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या नोंदीत दोन्ही निदाने स्पष्ट लिहिली होती. डिस्चार्ज कार्ड तयार करताना मात्र आमच्या कार्यालयाने पहिल्या ओळीत 'स्थूलता' लिहिली आणि क्रमांकही स्थूलतेचा, म्हणजे 'ई ६६' घातला. मानसिक आजार तिसऱ्या ओळीत गेला होता आणि त्याला क्रमांकच नव्हता. दावा तपासणाऱ्याने पहिली ओळ वाचली आणि कागद बाजूला ठेवला.

मूळ नोंदींच्या आधारे तज्ज्ञांनी प्रमाणपत्र दिले, दुरुस्त कागद पाठवले आणि काही आठवड्यांनी चार दिवसांचा खर्च मंजूर झाला. सुटीनंतरच्या ६० दिवसांच्या औषधांचे पैसेही त्यांच्या पॉलिसीतून मिळण्याजोगे होते. परंतु ही गोष्ट त्यांना सुटीच्या दिवशी कोणी सांगितली नव्हती. औषधे त्यांनी घेतली, पावत्या मात्र जपल्या नाहीत. "तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतं तर ठेवल्या असत्या की हो," असे त्या म्हणाल्या. त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

दुसरे प्रकरण एका तरुणाचे. वय सत्तावीस, एका खाजगी कारखान्याच्या कार्यालयात नोकरी, पगार राज्य कामगार विम्याच्या मर्यादेच्या थोडा वर. वडिलांनी कुटुंबासाठी मेडिक्लेम घेतलेला. मुलावर बाह्यरुग्ण विभागात उपचार सुरू होते आणि गुणही दिसत होता. एके दिवशी वडील कार्यालयात आले आणि खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "साहेब, याला दोन दिवस आत घ्या. दोन दिवसांनी सोडा. म्हणजे सगळं विम्यात बसेल. हप्ता तर आम्ही भरतोच ना दरवर्षी?"

या माणसाला आम्ही लबाड मानत नाही. ते सात वर्षे हप्ता भरत होते आणि एक रुपयाही परत आला नव्हता. तरीही आम्ही नाही म्हटले. गरज नसताना दाखल करून घेणे म्हणजे खोटा दावा होय. तो उघडकीस आला, तर त्या कुटुंबाची पॉलिसी रद्द होऊ शकते, रुग्णालयाची कॅशलेस सुविधा जाऊ शकते आणि ज्या रुग्णांना खरोखर खाट हवी आहे, त्यांच्या वाटेत आम्हीच दगड टाकल्यासारखे होते. हे सारे आम्ही त्यांना समजावून सांगितले. ते काही न बोलता उठून गेले.

नकार देणे योग्यच होते. पण नकार दिल्यावर आमचे काम संपले असे आम्ही मानले, हे चुकले. चार महिन्यांनी समुपदेशक बाईंनी गैरहजर रुग्णांना दूरध्वनी केले, तेव्हा कळले की, तरुणाने आधी गोळ्या एक दिवसाआड घेतल्या, मग बंदच केल्या. घरी कोणाला सांगितले नव्हते. रात्रीचे खाणे पुन्हा सुरू झाले होते आणि रक्तातील साखरही वाढलेली निघाली. वडिलांचा प्रश्न विम्याचा नव्हताच. 'आता परवडत नाही' हे सांगण्याची ती त्यांची रीत होती आणि ती आम्हांला वाचता आली नाही.

परदेशातील अनुभव

विमा औषधखिडकीपर्यंत पोहोचला, तर सर्व काही सुरळीत होते का, असा प्रश्न येथे साहजिकच येतो. त्यासाठी अमेरिकेकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण या विकारावरील औषधाचा आणि विम्याचा प्रश्न तेथे अधिक उघडपणे मांडला गेला आहे. तेथे २००८ च्या कायद्याने मानसिक व शारीरिक आजारांच्या विम्यात समानता आणली आणि २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने मानसोपचार व चिठ्ठीवरील औषधे यांचा व्यक्तिगत विम्याच्या आवश्यक लाभांत समावेश केला. लिसडेक्सअँफेटामीन या औषधाला तेथील अन्न व औषध प्रशासनाने ३० जानेवारी २०१५ रोजी प्रौढांतील मध्यम ते तीव्र अतिभक्षण विकारासाठी मान्यता दिली. या विकारासाठी मान्यता मिळालेले ते पहिले औषध. ते उत्तेजक वर्गातील असून त्याची सवय लागण्याचा धोका असतो, म्हणून त्यावर कडक नियंत्रण आहे. आणि ते वजन घटवण्यासाठी नाही, असे त्याच्या माहितीपत्रकातच नमूद आहे.

एकस्व असेपर्यंत ते औषध फार महाग होते. विमा असूनही रुग्णांना पूर्वमंजुरी घ्यावी लागे. 'आधी स्वस्त औषध वापरून पाहा, गुण न आल्यास हे मागा' अशी पायरीपायरीची अटही अनेक कंपन्या घालतात. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याची जेनेरिक रूपे बाजारात आली, तेव्हा कोठे पर्याय उपलब्ध झाला. यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. विमा खिडकीपर्यंत आला तरी निदानाची अचूक नोंद लागतेच. आणि विम्याच्या कलमांइतकाच, किंबहुना अधिक, फरक औषधाच्या मूळ किमतीने पडतो.

एका वर्षाचा हिशेब

किमतीच्या बाबतीत आपली स्थिती अमेरिकेहून निराळी आहे. पुढील आकडे कोणा एका रुग्णाचे नाहीत. हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतलेले उदाहरण आहे.

औषधे : दरमहा ६०० रुपये, १२ महिन्यांचे ७,२०० रुपये.
डॉक्टरांची तपासणी : ४०० रुपये, वर्षातून ६ वेळा, २,४०० रुपये.
समुपदेशन : ७०० रुपये, १६ बैठका, ११,२०० रुपये.
रक्ततपासणी : ९०० रुपये, २ वेळा, १,८०० रुपये.
एकूण : २२,६०० रुपये.
दाखल होण्याच्या विम्यातून परतावा : शून्य.

यात प्रवासभाडे आणि बुडालेला रोज धरलेला नाही. या उदाहरणात औषधांचा वाटा एकूण खर्चाच्या एक तृतीयांशाहून कमी आहे. जेनेरिक औषधांमुळे तो निम्म्यावर आला, तरी वर्षाला ३,६०० रुपये वाचतात आणि १९,००० रुपये उरतातच. अर्थात समुपदेशन हे औषधापेक्षा महाग पडते. तरीही रुग्ण प्रथम काय बंद करतो? बहुधा समुपदेशन, कारण त्याची गोळी दिसत नाही. आणि मग एके दिवशी गोळीही. पहिला आणि मुख्य उपचारच असा सर्वांआधी सुटतो.

उपलब्ध मार्ग

विम्याचे कलम आपण बदलू शकत नाही. परंतु आज हाती असलेले मार्ग रुग्णास सांगणे आपल्या हाती आहे.

१. शासकीय रुग्णालये : मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १८ नुसार, आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरापासून वरच्या शासकीय आरोग्य संस्थांत मानसिक रुग्णांना विनामूल्य मिळावयाची आहेत. फ्लुओक्सेटीन हे राष्ट्रीय आवश्यक औषधसूचीत आहे, म्हणून त्याची कमाल किंमतही शासन ठरवते.

२. जनऔषधी केंद्रे : २००८ साली आरंभलेल्या या योजनेच्या केंद्रांची संख्या २०२३ मध्ये १०,००० झाली. येथे औषधे मूळ नावाने व कमी किमतीत मिळतात. त्यासाठी चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असणे उपयोगी पडते.

३. राज्य कामगार विमा : ज्यांना तो लागू आहे, त्यांना बाह्यरुग्ण उपचार आणि औषधेही मिळतात. २०१७ पासून त्याची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये होती. पात्रतेची चालू मर्यादा मालकाकडे विचारावी. अनेक कामगारांना आपला हा हक्क मनाच्या आजारालाही लागू आहे, हे ठाऊकच नसते.

४. बाह्यरुग्ण संरक्षण असलेली पॉलिसी : काही कंपन्या जादा हप्ता घेऊन असे संरक्षण देतात. घेण्यापूर्वी वार्षिक मर्यादा किती, समुपदेशन त्यात आहे का आणि जादा हप्ता किती, हे तीन आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडावेत. मर्यादा ५,००० आणि जादा हप्ता ४,००० असेल, तर तो विमा नसून आपलेच पैसे फिरून आपल्याकडे येणे आहे.

५. खरी माहिती देणे : पॉलिसी घेताना आधीचा मानसिक आजार लपवू नये. २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे. आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. लपवलेला आजार मात्र ऐन गरजेच्या वेळी दाव्याच्या आड येतो.

६. विमा लोकपाल : दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर न मिळाल्यास, अथवा उत्तराने समाधान न झाल्यास, एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येते. महाराष्ट्रातही त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही.

७. टेलिमानस : १४४१६ या शासकीय दूरध्वनी क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य मानसिक समुपदेशन मिळते. प्रवासखर्चामुळे बैठका चुकत असतील, तर हा आधार जरूर घ्यावा.

आम्ही काय बदलले?

शिक्षिकेच्या प्रकरणानंतर, मानसिक आजार असलेल्या प्रत्येक रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड तज्ज्ञांच्या सहीपूर्वी मूळ नोंदीशी ताडून पाहण्याचा नियम आम्ही केला. निदानाचा क्रम आणि क्रमांक डॉक्टरच ठरवतील. कार्यालय आपल्या मनाने एक अक्षरही बदलणार नाही. सुटीच्या वेळी रुग्णास एक जाड लिफाफा दिला जातो. त्यावर 'चिठ्ठी व पावती दोन्ही यात ठेवा' असे छापले असून, सुटीनंतरच्या खर्चाची मुदत कोणत्या तारखेस संपते, ते हाताने लिहून दिले जाते. लिफाफा छापण्यास खर्च फार थोडा आला. ही सुधारणा आधी सुचली नाही, याची खंत मात्र आहे.

तरुणाच्या प्रकरणानंतर औषधखिडकीवर एक वही ठेवली आहे. चिठ्ठीपेक्षा कमी गोळ्या कोणी मागितल्या, तर औषधनिर्माते केसपेपर क्रमांक त्या वहीत लिहितात. त्याच आठवड्यात समुपदेशक त्या रुग्णाशी एकांतात बोलतात. कारण खर्चाचे असेल, तर डॉक्टरांना विचारून स्वस्त पर्याय पाहिला जातो आणि आवश्यक तेथे गरीब रुग्ण साहाय्यातून तफावत भरून काढली जाते. "परवडत नाही" हे शब्द उच्चारण्याची पाळी रुग्णावर येऊ नये, एवढीच त्यामागील दृष्टी.

तो तरुण पुन्हा उपचारांसाठी येऊ लागला आहे. मधले महिने वाया गेले ते गेलेच. साखरेच्या गोळ्या आता कायमच्या लागल्या आहेत. वडील त्याच्याबरोबर येतात आणि बाहेरच्या बाकावर बसतात. गेल्या खेपेस त्यांनी कार्यालयात डोकावून विचारले, "ते लोकपालांचं काय म्हणाला होता, ते जरा लिहून द्याल का? शेजाऱ्यांच्या कामाला येईल."

हितचिंतकांस विनंती

आमच्या देणगीदारांची परंपरा मोठी आहे. आप्तांच्या स्मरणार्थ खाट देणे, खोली बांधून देणे, यंत्र घेऊन देणे, ही दाने डोळ्यांस दिसतात आणि त्यांवर नाव कोरता येते. अशा देणग्यांवरच हे रुग्णालय उभे आहे. या वर्षी आम्ही एक निराळी विनंती करीत आहोत. ज्या उपचाराला खाट लागत नाही, त्यासाठीही काही रक्कम राखून द्यावी. एका रुग्णाच्या सोळा बैठका आणि वर्षभराची औषधे यांचा हिशेब वर दिलेलाच आहे. या दानाची पाटी कोठे लावता येणार नाही, कारण या रुग्णांची नावे आम्ही कोणास सांगत नाही. पण पुढील वर्षीच्या अहवालात, खाटांच्या तक्त्याखाली, 'वर्षभर उपचार पूर्ण केलेले बाह्यरुग्ण' अशी एक नवी ओळ देण्याचा आमचा संकल्प आहे. त्या ओळीसमोरील आकडा आपल्या साहाय्याने वाढावा, ही नम्र विनंती.